शरीरक्रियाविज्ञानाचे अध्ययन

आरोग्यसेवेच्या व्यवसायात प्रवेश करू इच्छिणाऱ्या पदवी शिक्षणक्रमाच्या विद्यार्थ्याने मानवी शरीराच्या प्राकृत कार्याचा करावयाचा पद्धतशीर अभ्यास. शरीरातील अवयव कोठे आहेत व त्यांची रचना कशी आहे, हे शारीर (शरीररचनाशास्त्र) सांगते. ती रचना काम कसे करते, त्या कामाचे नियमन कसे होते आणि परिस्थिती बदलली असता ते काम कोणत्या मर्यादेपर्यंत टिकून राहते, हे शरीरक्रियाविज्ञान सांगते. विकृतिविज्ञान, औषधिक्रियाविज्ञान आणि रुग्णशय्येजवळ शिकविले जाणारे सर्व विषय यांचा पाया या शास्त्रावर उभा असतो. त्यामुळे आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, परिचर्या, भौतिकी चिकित्सा व औषधनिर्माणशास्त्र या सर्व शिक्षणक्रमांत त्याचा समावेश पहिल्याच वर्षी केलेला असतो. आयुर्वेदाच्या पदवी शिक्षणक्रमातही रचना शारीर व क्रिया शारीर असे दोन विषय पहिल्या वर्षी असतात.

इतिहास : या शास्त्राचे आधुनिक अध्ययन विल्यम हार्वी यांच्या रक्ताभिसरणावरील १६२८ मधील ग्रंथापासून सुरू झाले, असे मानण्यास हरकत नाही. हार्वी यांच्या युक्तिवादाचे विशेष महत्त्व त्यातील साध्या गणितात आहे. हृदयाच्या प्रत्येक आकुंचनाबरोबर थोडेसेच रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारे एकूण रक्त शरीरातील सर्व रक्तापेक्षा अधिक भरते. एवढे रक्त खाल्लेल्या अन्नापासून सतत नव्याने तयार होणे शक्य नाही, म्हणून तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. आजच्या विद्यार्थ्यालाही हे गणित एकदा स्वतः करावयास लावणे उपयुक्त ठरते. प्रत्येक ठोक्यास सुमारे ७० मिलि. आणि मिनिटास ७२ ठोके असे धरल्यास हृदय मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते, म्हणजे प्रौढ व्यक्तीचे जवळजवळ सर्व रक्त मिनिटभरात एक फेरी पूर्ण करते.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कार्ल लूटव्हिख यांनी फिरत्या वृत्तचितीवर शारीरिक हालचालींचा आलेख काढणारे उपकरण १८४७ मध्ये प्रचारात आणले. फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांनी प्रायोगिक वैद्यकावरील आपल्या १८६५ च्या ग्रंथात शरीराच्या अंतर्गत परिवेशाची कल्पना विशद केली. पेशींचे खरे पर्यावरण म्हणजे बाहेरची हवा नव्हे, तर त्यांच्या भोवतीचा द्रव होय आणि त्या द्रवाचे स्थैर्य ही स्वतंत्र जीवनाची अट होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. याच कल्पनेला अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये होमिओस्टॅसिस (समस्थिती) हे नाव दिले. इंग्लंडमध्ये मायकेल फॉस्टर यांनी प्रथम लंडन येथे व १८७० नंतर केंब्रिज येथे विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करण्याची पद्धत रुजविली. त्यापूर्वी विद्यार्थी व्याख्यान ऐकत व फार तर अध्यापकाने केलेला प्रयोग पाहत. अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाविषयीच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने प्रयोगशाळेतील मूलभूत शास्त्रांचे शिक्षण ही वैद्यकीय शाळेची आवश्यक अट मानली.

भारतात पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण कलकत्ता व मद्रास येथे १८३५ मध्ये आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात १८४५ मध्ये सुरू झाले. कलकत्त्यात प्रेसिडेन्सी महाविद्यालयात १९०० मध्ये सुबोधचंद्र महलनबीस यांच्या पुढाकाराने हा विषय वैद्यकाबाहेर, विज्ञान शाखेतही शिकविला जाऊ लागला. बंगालमध्ये ती परंपरा आजही चालू आहे. महाराष्ट्रात मात्र हा विषय बहुतांशी आरोग्यविषयक महाविद्यालयांपुरताच राहिला.

अध्ययनाचा आशय : पाठ्यपुस्तकांत विषयाची विभागणी तंत्रांनुसार केलेली असते : रक्त, स्नायू व तंत्रिका, हृदय व रक्तवाहिन्या, श्वसन, पचन, वृक्क (मूत्रपिंड), अंतःस्रावी ग्रंथी, प्रजोत्पादन, तंत्रिका तंत्र व विशेष ज्ञानेंद्रिये. ही विभागणी शिकविण्याच्या सोयीसाठी आहे. शरीर अशा प्रकरणांत विभागलेले नसते. विद्यार्थ्याची पहिली अडचण नेमकी येथेच उद्भवते. हृदयाचे प्रकरण ऑगस्टमध्ये व वृक्काचे जानेवारीत शिकलेल्या विद्यार्थ्याला रक्तस्रावाच्या रुग्णामध्ये दोन्ही एकाच वेळी काम करीत असतात, हे कोणीतरी मुद्दाम दाखवावे लागते. अमेरिकेतील जोएल मायकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अध्यापकांच्या मतांचे सर्वेक्षण करून २०११ मध्ये विषयातील काही मध्यवर्ती तत्त्वे पुढे मांडली. पेशीपटलाचे कार्य, समस्थिती, पेशींमधील संदेशवहन, तंत्रांचे परस्परावलंबन व उताराच्या दिशेने होणारा प्रवाह ही त्यांपैकी प्रमुख होत. यांपैकी शेवटचे तत्त्व सर्वांत साधे आणि सर्वांत उपयुक्त आहे. रक्त अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहते, वायू अधिक आंशिक दाबाकडून कमीकडे पसरतो, आयन विद्युत् व रासायनिक उतारावरून जातात. प्रवाह हा उतार व रोध यांवर ठरतो. हे एकच सूत्र पक्के झाले, तर निम्म्या पुस्तकाचे पाठांतर टळते.

या अध्ययनाचे महत्त्व कोठे प्रत्ययास येते, हे प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. रक्त कमी होऊ लागले की, हृदयाकडे परत येणारे रक्त घटते व धमन्यांतील दाब किंचित उतरतो. मानेतील ग्रीवा रोहिणीच्या विवरात व महारोहिणीच्या कमानीत असलेली दाबग्राही तंत्रिकाग्रे त्यामुळे कमी ताणली जातात आणि मेंदूकडे जाणारे त्यांचे संदेश कमी होतात. परिणामी अनुकंपी तंत्रिका तंत्र उत्तेजित होऊन हृदयाची गती वाढते, त्वचा, आतडी व वृक्क यांतील सूक्ष्म रोहिण्या आकुंचन पावतात, नीलाही आकुंचित होऊन त्यांतील साठा हृदयाकडे ढकलला जातो. दाब पुन्हा जवळजवळ पूर्ववत होतो. म्हणजेच या अवस्थेत रक्तदाबमापक ‘सर्व ठीक आहे’ असे सांगत असतो आणि त्याच वेळी वाढलेली नाडी, थंड पडलेले हात, फिकटपणा, घाम व कमी झालेले मूत्र ही लक्षणे मात्र वेगळेच सांगत असतात. आकुंचक दाब टिकून असताना प्रसरण दाब थोडा वाढून दोहोंमधील अंतर कमी झालेले आढळू शकते. गर्भवतीमध्ये रक्ताचे घनफळ नेहमीपेक्षा ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेले असल्याने ही फसवी अवस्था अधिक काळ टिकते. भरपाईची ही यंत्रणा संपली की, दाब एकदम कोसळतो व तेव्हा हाती वेळ थोडा उरतो. केवळ रक्तदाबाचा आकडा नोंदवून पुढच्या खाटेकडे जाणारी परिचारिका आणि नाडी ८० वरून ११० झालेली पाहून तेथेच थांबणारी परिचारिका यांच्यातील फरक अनुभवाचा तर असतोच. पण त्याचा उगम पहिल्या वर्षाच्या या प्रकरणात असतो. यालाही अपवाद आहेत. हृदयाची गती रोखणारी औषधे चालू असलेल्या रुग्णात नाडी वाढत नाही. यंत्रणा ठाऊक असणाऱ्यालाच हा अपवाद आपोआप सुचतो.

दुसरे उदाहरण जलसंजीवनीचे. पटकीमध्ये जंतूंच्या विषामुळे आतड्याच्या कोशिकांतून क्लोराइड व त्यापाठोपाठ सोडियम आणि पाणी यांचा लोंढा बाहेर पडतो. नुसते मीठ व पाणी पाजल्यास ते फारसे शोषले जात नाही. तथापि आतड्याच्या पेशीपटलात सोडियम व ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारी एक वाहक यंत्रणा असते व ती पटकीतही शाबूत राहते. रॉबर्ट क्रेन यांनी या जोडवहनाची कल्पना १९६० मध्ये प्राग येथे मांडली, तेव्हा ती पेशीपटलाविषयीची एक तात्त्विक गोष्ट वाटत होती. १९६८ मध्ये ढाका येथे पटकीच्या रुग्णांवर तोंडाने देण्याच्या द्रावाचा यशस्वी उपयोग झाला. पुढे १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली असता शिरेतून द्यावयाचा द्राव अपुरा पडू लागला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचा द्राव नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजला आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३·६ टक्क्यांपर्यंत खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये द्रावाची संहती कमी केली. त्यातील सोडियम व ग्लुकोज यांचे प्रमाण तेव्हापासून लिटरमध्ये प्रत्येकी ७५ मिलिमोल, म्हणजे समसमान आहे. ही समानता यदृच्छेने आलेली नाही. पुडी एक लिटर पाण्याऐवजी एका पेल्यात विरघळविली किंवा चवीसाठी साखर वाढविली, तर द्राव तीव्र होऊन पाणी रक्तात जाण्याऐवजी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. खेड्यातील मातेला ‘एक पुडी, एक लिटर पाणी’ एवढेच सांगून भागते. पण तिने ‘का?’ असे विचारले तर सांगणाऱ्याजवळ उत्तर असले पाहिजे.

ऑक्सिजनवहनाचे प्रकरण २०२० व २०२१ मधील कोव्हिडच्या साथीनंतर घरोघरी परिचित झाले. बोटाला लावावयाच्या मापकावरील ९५, ९० हे आकडे लोक एकमेकांना दूरध्वनीवरून कळवू लागले. या आकड्यांचा अर्थ हीमोग्लोबिनाच्या इंग्रजी एस् अक्षरासारख्या वक्रावरून समजतो. रक्तातील ऑक्सिजनाचा दाब १०० मिमी. पारा असताना हीमोग्लोबिन सुमारे ९७ टक्के संपृक्त असते. दाब ६० पर्यंत उतरला, तरी संपृक्तता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. मात्र तेथून पुढे दाब आणखी २० मिमी.ने उतरला, तर ती ७५ टक्क्यांवर येते. म्हणजे ९० हा कड्याचा काठ होय. या आकड्याची दुसरीही एक मर्यादा आहे आणि ती आपल्याकडे विशेष महत्त्वाची ठरते. एक ग्रॅम हीमोग्लोबिन सुमारे १·३४ मिलि. ऑक्सिजन वाहून नेते. १०० मिलि. रक्तात १५ ग्रॅम हीमोग्लोबिन असल्यास सुमारे २० मिलि. ऑक्सिजन वाहिला जातो. पांडुरोग झालेल्या स्त्रीत ते ७ ग्रॅम असल्यास ९ मिलि.च्या थोडे वर. दोघींच्या बोटावरील मापक मात्र ९८ दाखवितो. संपृक्तता म्हणजे ऑक्सिजनाचे प्रमाण नव्हे, हे वाक्य पाठ करून लक्षात राहत नाही. गुणाकार केला की राहते.

अध्ययनातील अडचणी : शरीरक्रिया समजावून देताना हेतूची भाषा वापरण्याचा मोह विद्यार्थ्यांना होतो आणि अध्यापकांनाही तो टळत नाही. ‘शरीराला ऑक्सिजन हवा असतो म्हणून श्वास वाढतो’ या प्रकारची वाक्ये ऐकण्यास सुगम असतात, परंतु ती यंत्रणा लपवितात. निरोगी माणसाचा श्वास नेहमीच्या परिस्थितीत मुख्यतः रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडाच्या प्रमाणानुसार नियमित होतो. श्वास रोखून धरल्यावर असह्य होते, तेही प्रामुख्याने या वायूच्या वाढीमुळे. पाण्याखाली अधिक वेळ राहता यावे म्हणून बुडी मारण्यापूर्वी जोरजोराने श्वास घेणारा पोहणारा रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकून देतो. त्याच्या ऑक्सिजनाच्या साठ्यात मात्र फारशी भर पडत नाही. मग पाण्याखाली ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली उतरला, तरी वर येण्याची निकड त्याला जाणवत नाही व तो बेशुद्ध होतो. ‘हवा असतो म्हणून’ या स्पष्टीकरणावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला हा मृत्यू उलगडत नाही.

दुसरी अडचण आकड्यांची. वृक्कातून दर मिनिटास १२५ मिलि., म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळला जातो, हे वाक्य परीक्षेत हमखास लिहिले जाते. पण मूत्र दीड लिटरच होते, म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक द्रव परत शोषला जातो आणि म्हणून पुनःशोषणात एका टक्क्याचा फरक पडला, तरी मूत्र दुपटीहून अधिक होईल, हा पुढचा विचार क्वचितच केला जातो. मूत्रल औषधे वृक्काच्या कोणत्या भागावर काम करतात व इतकी प्रभावी का ठरतात, हे या विचाराशिवाय नीट समजत नाही. आकृत्यांमुळेही गैरसमज होतात. नीला निळ्या रंगात छापण्याच्या प्रथेमुळे त्यांतील रक्त निळे असते, असे समजणारे विद्यार्थी अद्याप भेटतात. ते केवळ गडद लाल असते.

प्रात्यक्षिके : विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात बेडकाची पोटरी व तिची तंत्रिका हा या विषयाच्या प्रयोगशाळेचा केंद्रबिंदू होता. काजळी धरलेल्या कागदावर स्नायूच्या आकुंचनाचा आलेख काढणे, तो लाखेच्या द्रावात बुडवून पक्का करणे व वहीत चिकटविणे, यात दुपार सरत असे. प्राणिसंरक्षणाचे कायदे, बेडकांच्या संख्येविषयीची चिंता व बदललेली नैतिक जाणीव यांमुळे ही पद्धत मागे पडत गेली आणि २०१४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने पदवी शिक्षणक्रमातील प्राण्यांवरील प्रयोगांच्या जागी संगणकीय प्रतिकृतींचा स्वीकार केला. ठरलेलाच निष्कर्ष पुन्हा पाहण्यासाठी दरवर्षी हजारो प्राणी मारणे समर्थनीय नव्हते, यात शंका नाही. तथापि संगणकाच्या पडद्यावरील आलेख प्रत्येकाला आणि प्रत्येक वेळी सारखाच येतो. जिवंत ऊतक तसे वागत नाही. ते सुकते, थकते, कधी उत्तरच देत नाही. ‘प्रयोग का फसला?’ या प्रश्नातून होणारे शिक्षण प्रतिकृतीत मिळत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा उत्तम मार्ग म्हणजे विद्यार्थ्यांनी एकमेकांवर करावयाची निरुपद्रवी मापने. आडवे असताना व उभे राहिल्यावर नाडी व रक्तदाब मोजणे, पायरी चढ-उताराच्या व्यायामानंतर ते पूर्ववत होण्यास लागणारा वेळ नोंदविणे, श्वसनमापन, हृद्-विद्युत् आलेख, गुडघ्याचा प्रतिक्षेप, दृष्टिक्षेत्राची आखणी या सर्वांत तीस विद्यार्थ्यांचे तीस वेगवेगळे आकडे येतात. ‘प्राकृत’ म्हणजे एक आकडा नव्हे, एक पल्ला होय, हे येथे आपोआप ठसते. रक्तदाबाचा पट्टा दंडाच्या मानाने अरुंद असल्यास दाब खोटाच अधिक येतो, ही गोष्टही स्थूल दंडाच्या सहाध्यायावर एकदा पाहिली की विसरत नाही.

तांबड्या पेशींची हाताने मोजणी आजही अनेक ठिकाणी शिकविली जाते व विद्यार्थी तिच्याविषयी कुरकुर करतात. रुग्णालयात हे काम स्वयंचलित यंत्र मिनिटभरात व अधिक अचूकपणे करते, ही त्यांची तक्रार खरी आहे. तरीही या प्रात्यक्षिकाचा एक उपयोग उरतो. रक्त २०० पट विरल करून मोजणीच्या काचेवरील ८० लहान चौकोनांतील पेशी मोजल्या की, त्या संख्येस १०,००० ने गुणावे लागते. ४८० पेशी मिळाल्या, तर घन मिलिमीटरमध्ये ४८ लाख. रेषेवरील एकच पेशी चुकून दोनदा मोजली, तर उत्तरात १०,००० चा फरक पडतो. अहवालावरील प्रत्येक आकड्यामागे नमुना, विरलन व चूक असते, हे यंत्राची कळ दाबून कळत नाही.

शिक्षणक्रमातील स्थान : वैद्यकाच्या पदवी शिक्षणक्रमात शारीर, शरीरक्रियाविज्ञान व जीवरसायनशास्त्र यांसाठी पूर्वी दीड वर्ष असे, १९९७ च्या नियमांनी ते एक वर्षावर आले. २०१९ पासून क्षमताधिष्ठित शिक्षणक्रम लागू झाला असून त्यात पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला रुग्णांच्या सान्निध्यात नेण्याची तरतूद आहे. औषधनिर्माणशास्त्रात शारीर व शरीरक्रियाविज्ञान एकत्र करून पहिल्या दोन सत्रांत शिकवितात. परिचर्येच्या २०२१ मधील सुधारित शिक्षणक्रमात उपयोजित शरीरक्रियाविज्ञानास पहिल्या सत्रात ६० तास दिलेले आहेत. रुग्णाच्या खाटेजवळ सर्वाधिक वेळ असणाऱ्या व्यक्तीच्या वाट्यास विषयाचे तास सर्वांत कमी यावेत, ही वाटणी योग्य म्हणता येणार नाही. या ६० तासांत सर्व तंत्रांना धावता स्पर्श करण्यापेक्षा रक्ताभिसरण, श्वसन व द्रवसंतुलन यांवर अधिक काळ थांबणे श्रेयस्कर होय.

माध्यमाचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. आधुनिक वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पाठ्यपुस्तके मध्य प्रदेशात २०२२ मध्ये प्रकाशित झाली व त्यांत शरीरक्रियाविज्ञानाचा समावेश आहे. महाराष्ट्रात हा विषय प्रामुख्याने इंग्रजीतून शिकविला जातो. मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेला विद्यार्थी पहिले काही महिने शास्त्र व भाषा असे दोन विषय एकदम शिकत असतो व पुष्कळदा भाषेतील अडखळणे शास्त्रातील मंदपणा समजले जाते. याची दुसरी बाजू त्याला अनुकूल असते. रुग्ण इंग्रजीत आजारी पडत नाही. तो धाप लागते, जीव घाबरतो, हातापायांतील बळ गेले, डोळ्यांपुढे अंधारी येते असे म्हणतो. उठून उभे राहताना येणारी अंधारी व दाबग्राहींचा प्रतिक्षेप ही एकाच घटनेची दोन नावे आहेत. धाप ही हृदयाच्या दुर्बलतेने, फुप्फुसाच्या विकाराने, पांडुरोगाने अथवा मधुमेहात रक्ताची अम्लता वाढल्याने, अशा चार निरनिराळ्या वाटांनी येऊ शकते. काही अध्यापक वर्षाच्या आरंभीच असे शब्द फळ्यावर लिहून प्रत्येकामागची यंत्रणा विद्यार्थ्यांकडून वर्षभरात भरून घेतात.